पुढे भावोजी, मागे फिटर

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हल्ली कारखान्याच्या फाटकाजवळच्या गोदामात बसतात. त्यांना ऐकू येत नाही हे आता जगजाहीर आहे. त्यामुळे ट्रकवाल्यापासून शिपायापर्यंत जो येतो तो त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोंबलतो. कानाशी तोंड नेलं की त्यांना ओठ दिसत नाहीत आणि मग तर काहीच कळत नाही, हे मी शंभरदा सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मीच नाद सोडला.

पण त्याआधी कितीतरी वर्षं ही गोष्ट फक्त तिघांना ठाऊक होती. त्यांना स्वतःला, माझ्या ताईला आणि मला. मी त्याच कारखान्यात पॅकिंगला आहे, आणि राहते ताईच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळे माझ्यापासून लपवणं त्यांना जमलंच नसतं. एरवी मी पोटात काही ठेवणारी बाई नव्हे. हे मात्र ठेवलं.

आमचा कारखाना पत्र्याचे डबे बनवतो. रंगाचे, तेलाचे, बिस्किटांचे. प्रेसच्या शेडमध्ये दिवसभर पत्रा कापला जातो, वाकवला जातो, ठोकला जातो. दारातून आत पाऊल टाकलं की तो आवाज कानांत नाही, दातांत जाणवतो. तिथे बोलून उपयोग नसतो, म्हणून शेडमधल्या माणसांनी आपली एक रीत पाडून घेतली आहे. ओठ मोठे मोठे हलवायचे, आवाज काढायचाच नाही, आणि जोडीला हाताच्या खुणा. सुपरवायझर येतोय, तर डोक्यावरून हात फिरवायचा, कारण त्याला टक्कल. चहा आला, तेल संपलं, तुझी बायको फाटकावर आलीय, सगळं असंच बोलायचं. या बोलण्यात भावोजींचा हात धरणारा कुणी नव्हता. शेडच्या दुसऱ्या टोकाला कुणी ओठ हलवले तरी ते पकडायचे. त्यामुळे गंमत अशी झाली, की साऱ्या कारखान्यात भावोजींचा कान सगळ्यात तिखट अशी त्यांची ख्याती झाली. ज्या आवाजाने तो कान खाल्ला, त्याच आवाजात त्यांचं बहिरेपण लपून राहिलं.

वर्षातून एकदा कान तपासायला गाडी यायची. काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवत, आणि आवाज आला की बटण दाबा म्हणत. नापास झालेल्याला प्रेसवरून काढून गोदामात धाडत, आणि गोदामातला पगार म्हणजे बोलायलाच नको. भावोजी दरवर्षी पास व्हायचे. बाहेर बसलेल्या बाई आवाज सोडताना त्यांचा खांदा किंचित हलायचा, तो भावोजी काचेतून बघायचे. "आवाज नाही आला, पण खांदा आला," असं घरी येऊन सांगायचे आणि हसायचे. ताई हसत नसे. घरी ती त्यांच्यापुढे उभी राहून, तोंडावर उजेड घेऊन बोलायची. "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी बोलताना हा माणूस माझ्याकडे बघायला लागला तो कान गेल्यावर," असं तीही कधीतरी म्हणायची. विनोदच होता, पण तो करताना तिचे डोळे भरून यायचे.

अडचण असायची ती मशीन थांबल्यावर. शांततेत माणसं नेहमीसारखी बोलू लागतात, म्हणजे ओठ न हलवता, दुसरीकडे बघत, तोंडात घास ठेवून. त्यासाठी भावोजींनी एक युक्ती शोधली होती. मान हलवायची. माणूस बोलून थांबला की एकदा. त्याच्या भुवया वर गेल्या की दोनदा. तो हसला की आपणही हसायचं. "नाही म्हटलं की समोरचा 'का' म्हणून विचारतो, मग पंचाईत," ते मला सांगायचे. "हो म्हटलं की कुणी कारण विचारत नाही." यावरून कारखान्यात त्यांचं नाव पडलं होयबा. टोपणनावात चेष्टा होती, पण माया जास्त होती. कारण हा माणूस बोलणाऱ्याला मध्ये तोडत नसे, आपलं घोडं पुढे दामटत नसे, आणि एकाचं दुसऱ्याला सांगत नसे. सासूचा जाच, दारुडा भाऊ, मोडलेलं लग्न, ज्याला जे सलत असेल ते तो होयबाजवळ येऊन ओकायचा. होयबाच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर येत नाही, असं लोक म्हणत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये मात्र युक्ती चालेना. एका टेबलाशी आठ-दहा माणसं, सगळी एकदम बोलणार, कुणाच्या ओठांकडे बघायचं? म्हणून भावोजी मशीनपाशीच घाईघाईने डबा संपवायचे आणि मागच्या फाटकातून बाहेर पडायचे. कारखान्याच्या मागेच टेकडी आहे, वरपर्यंत दाट झाडीची. झाडीतून एक पायवाट जाते. एका वेळी एकच माणूस जाईल एवढी अरुंद, दोन्ही अंगांना काटेरी झुडपं. वर एक मोठं झाड उन्मळून पडलंय, त्याचा ओंडका आहे. तिथवर चढायचं, थोडं टेकायचं, आणि भोंग्याच्या आत खाली यायचं. माझ्या टेबलाजवळच्या खिडकीतून ती वाट जिथे झाडीत शिरते तेवढा भाग दिसायचा.

होयबांना निसर्गाची आवड आहे, असं सगळे म्हणत. आवड कसली, पळ होता तो.

मी एकदा त्यांना विचारलं, "जंगलात बरं वाटतं का?"

"पानं हलताना दिसतात," ते म्हणाले. "आवाज नाही. टीव्हीचा आवाज बंद करून बघतो ना, तसं. कानात ती सतत वाजणारी शिट्टी असतेच."

"मग कशाला जाता मरायला?"

"झाडं काही विचारत नाहीत."

उन्हात, थंडीत, चिखलात, ते जातच राहिले. आणि मग एक दिवस फिटर त्यांच्या मागे लागला.

फिटर म्हणजे शेडमधल्या प्रेस दुरुस्त करणारा. उंच, खांद्यात वाकलेला, आणि वरचा ओठ तर सोडाच, खालचाही झाकतील अशा मिशा. शेडच्या बोलण्यात तो असून नसल्यासारखा, कारण मिशांमागे काय हलतंय ते कुणालाच कळायचं नाही. आणि तसा तो बोलायचाच नाही. गंजलेला नट सुटेल, पण फिटरचं तोंड सुटणार नाही, असं शेडमधले लोक म्हणत. त्याची बायको, आमची फिटरवहिनी, माझ्या शेजारीच राहते. ती म्हणायची, "आमच्या घरात हे आणि कपाट, दोघं सारखंच बोलतात. कपाट निदान उघडताना कुरकुरतं तरी."

पूर्वी ते घर असं नव्हतं. एकुलती एक मुलगी होती त्यांना. तिने ठरवलेलं लग्न फिटरला पसंत नव्हतं. वाद झाले, आणि एक दिवस तो ड्यूटीवर असताना मुलगी बॅग भरून निघून गेली. दुसऱ्या गावात संसार थाटला. त्यानंतर त्या घरात तिचं नाव निघालं नाही. फिटर ओरडला नाही, त्याने काही फोडलं नाही, नुसता गप्प झाला. वहिनी मुलीशी बोलायची ती माझ्या घरी येऊन, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी राहून. नवरा कारखान्यात असला तरी स्वतःच्या घरात तो फोन करायचा तिला धीर होत नसे.

तर हा फिटर एका दुपारी भावोजींच्या मागोमाग फाटकाबाहेर आला. त्याने छातीवर हात ठेवला, मग दोन बोटं चालवून दाखवली. डॉक्टरने चालायला सांगितलंय. भावोजींनी मान हलवली आणि ठरून गेलं. पुढे भावोजी, मागे फिटर. त्याला दम लागायचा म्हणून तो मागे.

काही दिवस गेले असतील. एका वळणावर भावोजींचं सहज मागे लक्ष गेलं, तर फिटरच्या मिशा हलत होत्या. फिटर बोलत होता! कधीपासून बोलत होता देव जाणे. इतके दिवस आपण ढिम्म चालत राहिलो, याला काय वाटलं असेल? त्या दिवसापासून त्यांनी चालता चालता, थोड्या थोड्या अंतराने, मान हलवायला सुरुवात केली. मी खिडकीतून बघायची. पुढचं डोकं हलायचं, मागचे हात हलायचे, आणि दोघं झाडीत शिरायचे. वर ओंडक्यावर शेजारी शेजारी बसले की फिटर एक शब्द बोलत नसे. उठून उतरायला लागले की पुन्हा सुरू. भावोजींच्या पाठीशीच त्याचं सगळं बोलणं. एकदा मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेले, म्हटलं, हा काय बोलतो ते ऐकावं तरी. तर सगळी वाट हा मुकाट.

"त्याला सांगून टाका, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून," मी भावोजींना म्हटलं. "एवढा जीव तोडून बोलतो बिचारा."

"सांगितलं तर बोलायचा थांबेल."

"थांबला तर तुमचं काय जातं? तुम्हाला काय ऐकू येतंय?"

"माझं काही जात नाही," ते म्हणाले. "खाली येतो तेव्हा त्याचे खांदे सैल झालेले असतात. वर जाताना बघ आणि येताना बघ."

मी बघितलं. खरं होतं ते.

वर्षभर हे असं चाललं. मग एका सकाळी फिटर प्रेसखाली शिरून काम करत होता तो बाहेर आला आणि तिथेच बसला. उठलाच नाही. दवाखान्यात त्याच्या तोंडात नळी घातली. वहिनी उशाशी बसून राहिली, पण त्या नळीमुळे त्याला काही सांगता आलं नाही, आणि नळी निघाली तेव्हा सांगायला तो नव्हता. दुखणं जुनं होतं, छातीतलं, आणि त्याला ते पुरतं माहीत होतं. डॉक्टर म्हणाले, वर्षभरापूर्वीच सगळं समजावून सांगितलं होतं. हे वहिनीला त्या दिवशी कळलं. नवरा गेल्याचं दुःख एका बाजूला, आणि त्याने आपल्याला एका शब्दाने सांगितलं नाही हे दुसऱ्या बाजूला. मला विचाराल तर दुसऱ्यानेच तिला जास्त पोखरलं. मुलगी आली नाही. "जिवंतपणी मी नको होते, आता कशाला येऊ?" असं फोनवर म्हणाली, आणि आईलाही तिला ये म्हणायचा धीर झाला नाही.

आम्ही भेटायला गेलो. मी आतून पाणी घेऊन येत होते. भावोजी वहिनीसमोर खुर्चीवर. वहिनीने रुमाल तोंडावर दाबून धरला होता आणि रडत रडत तिने विचारलं, "ते तुमच्याशी रोज बोलायचे म्हणे. सगळा कारखाना सांगतो. एकच सांगा, पोरीचं नाव काढायचे का हो कधी?"

रुमालामागचं भावोजींना काय दिसणार? बाई रडतेय, काहीतरी विचारतेय, भुवया वर गेल्यात. त्यांनी मान हलवली. दोनदा.

वहिनीने त्यांचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. माझ्या हातातला पेला तसाच राहिला.

रस्त्यावर आल्यावर मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. "तुम्ही कशाला हो म्हणालात, कळलं का?"

मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा पडला की मला माझ्या तोऱ्याची लाज वाटली. "उद्याच जाऊन सांगतो," ते म्हणाले.

घरी आल्यावर ताई म्हणाली, "काय सांगाल? बहिरा आहे म्हणून? कारखाना दुसऱ्या दिवशी गोदामात बसवेल."

पण ते जाईपर्यंत काही थांबलंच नाही. सकाळी उजाडताच वहिनी माझ्या दारात. नवरा नव्हता, तरी फोन करायला माझ्याकडेच आली. सवय. कोपऱ्यात उभी राहून मुलीला म्हणाली, "अगं, बाबा बोलायचे तुझ्याबद्दल. होयबांशी. रोज बोलायचे." मग वहिनीने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "येतेय. म्हणते, आधी होयबाकाकांना भेटते, बाबा काय म्हणायचे ते त्यांच्या तोंडून ऐकते, मग घरी येते." मुलगी गेल्यापासून तिचं असं फुललेलं तोंड मी पाहिलं नव्हतं. तिला मी काय म्हणून सांगायचं की थांब?

त्या संध्याकाळी आम्ही तिघं ताईच्या टेबलाशी बसलो. मी म्हटलं, आता मागे जाता येत नाही. मुलीला चार चांगले शब्द सांगायचे. ती घरी येईल, आईला माणूस मिळेल, यात वाईट काय?

"मेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द कोंबताय," ताई म्हणाली.

"ज्याच्या तोंडातून जिवंतपणी निघाले नाहीत, त्याच्या तोंडात दुसऱ्यानेच घालायला हवेत," मी फटकारलं. ताई उठून आत गेली.

मग मी वाक्यं तयार केली आणि भावोजींनी पाठ केली. पोरगी हट्टी आहे, पण माझ्यावरच गेलीय, असं तो म्हणायचा. चूक माझीही झाली, असं म्हणायचा. आली तर बरं होईल, पण मी कसं बोलावू, असं म्हणायचा. शाळेतल्या मुलाने पाढे म्हणावेत तसे भावोजी म्हणत होते.

मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "तो हे म्हणाला असता का?"

"असता."

"कशावरून?"

"बाप होता म्हणून."

त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

मुलगी आली ती बरोबर जेवणाच्या सुट्टीत. बापासारखीच उंच, खांद्यात तशीच वाकलेली. मी तिला कँटीनच्या बाहेरच्या बाकावर बसवायला बघत होते, समोर भावोजी, उजेड नीट. पण ती म्हणाली, "मावशी, बाबा चालायचे ती वाट बघायची आहे मला." याला नाही कसं म्हणणार? "चल," मी म्हटलं, "पण बोलणं वर बसल्यावर. काकांना चढताना दम लागतो." ती बरं म्हणाली.

पुढे भावोजी, मध्ये ती, मागे मी. दिवस मळकट होता. झाडांची पानं बरीचशी गळून वाटेवर कुजत होती आणि पाय घसरत होते. अर्धी वाट ती काही बोलली नाही. मला वाटलं, निभावलं. मग ती भावोजींच्या पाठीकडे बघत बोलायला लागली. त्या वाटेतच काहीतरी असावं. समोर तोंड नसलं की माणसाला सोपं जातं.

"काका, मी न सांगता गेले ते त्यांना फार लागलं का हो?"

आणि भावोजींनी मान हलवली. त्यांना ती बोलतेय हे ठाऊकच नव्हतं. त्या वाटेवर मागे कुणी असलं की मान हलवायची, ही त्यांच्या मानेला लागलेली सवय होती.

"रागात होते माझ्यावर?"

मान हलली.

"शेवटपर्यंत?"

"भावोजी!" मी ओरडले. काय उपयोग! पुढे जावं तर दोन्हीकडे काटे. मी तिचा दंड धरला. "अगं थांब, वर गेल्यावर विचार, असं नको."

"असू दे मावशी," ती म्हणाली. "खरं सांगतायत ते." आणि मग अगदी हळू, मलाही जेमतेम ऐकू येईल असं, तिने त्यांच्या पाठीला विचारलं, "मी यायला नकोच होतं ना त्यांना?"

भावोजींनी मान हलवली. चढ संपत आला होता, त्यांना बरं वाटलं असावं.

वर पोचल्यावर ते ओंडक्यावर बसले, तिला समोर बसायची खूण केली, घसा साफ केला आणि सुरुवात केली. पोरगी हट्टी आहे, पण माझ्यावरच गेलीय. चूक माझीही झाली. सगळं म्हटलं, एक शब्द चुकले नाहीत. ती शांतपणे ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "काका, तुम्ही फार चांगले आहात. पण वाटेत खरं सांगितलंत तेच बरं झालं."

तिचे ओठ त्यांनी वाचले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडून आवाज काढायला मला सुचेना. शेडमध्ये बोलतात तसे नुसते ओठ हलवून मी त्यांना सांगितलं, ती मागून विचारत होती, तुम्ही मान हलवत होतात. काय विचारत होती, त्यांनी ओठांनीच विचारलं. एकेक करून मी सांगितलं. ती आमच्या दोघांच्या हलणाऱ्या, बिनआवाजाच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिली, आणि बघता बघताच तिला कळलं असणार.

"पोरी," भावोजी म्हणाले. स्वतःचा आवाज कळत नाही म्हणून जरा मोठ्यानेच. "मला ऐकू येत नाही. तू वाटेत विचारलंस ते मला ऐकू आलं नाही. तुझे बाबा बोलायचे तेही नाही. एक अक्षर नाही."

"आणि हे आत्ता सांगितलंत ते?"

"आम्ही घरी बसून ठरवलं."

"मग बाबा काय बोलायचे?"

"माहीत नाही."

"मग रोज मान कशाला हलवायचात?"

"तो बोलायचा थांबू नये म्हणून."

भावोजी ओंडक्याची साल नखाने काढत बसले. मग म्हणाले, "एक खरं आहे, ते सांगतो. एकदा वळणावर मी मागे बघितलं, तर तो रडत होता. मिशा ओल्या झाल्या होत्या. मी पटकन पुढे तोंड केलं. आणि मान हलवली."

"कशासाठी रडत होते?"

"मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं."

खाली भोंगा झाला. आम्ही उतरलो. जिथे वाट फुटते, एक फाटा आमच्या घरांकडे आणि एक बसस्टॉपकडे, तिथे ती थांबली. "आईला सांगा, मी येऊन गेले."

"अगं, स्वयंपाक करून बसलीय ती! दोन पावलांवर घर आहे."

"काय म्हणून जाऊ मावशी? बाबा बोलायचे माझ्याबद्दल, म्हणून जाणार होते." आणि ती बसस्टॉपकडे वळली. मी दोनदा हाक मारली. तिला ऐकू आली, तरी ती गेली.

भावोजी प्रेसवर गेलेच नाहीत. सरळ ऑफिसात गेले आणि आपल्या कानांचं सांगून आले. दुसऱ्या दिवसापासून गोदाम. तिथून टेकडी दिसत नाही.

संध्याकाळी मी वहिनीकडे गेले. टेबलावर दोन ताटं मांडलेली, भांड्यांवर झाकणं तशीच. तिने माझ्या मागे, रस्त्यावर पाहिलं, कुणी येतंय का म्हणून. मी आत जाऊन बसले आणि तिला सगळं सांगितलं. कानांचं, शेडचं, रुमालाचं, वाटेवरचं. फिटर रडत होता तेही सांगितलं.

वहिनी म्हणाली, "म्हणजे वर्षभर हे रोज त्या जंगलात जाऊन बोलत होते."

"हो."

"आणि त्यांना ऐकू येत नव्हतं."

"नाही."

ती उठली. एक ताट उचलून फळीवर ठेवलं. पाठमोरीच उभी राहून म्हणाली, "मला तर ऐकू येत होतं गं. मी इथेच होते की."